मदत हवी आहे : पेनड्राइव्ह पहिल्या दिवशी दिसतो, दुसऱ्या दिवशी दिसेनासा होतो

नमस्कार,

माझ्याकडे एक डेस्कटॉप संगणक आहे. एका कार्यालयाने नवे संगणक घेतल्यावर जुने काढून टाकले, त्यांपैकी एक मी घेतला. त्यावर विंडोज १० ची ६४ बिट आवृत्ती आहे. ती नव्याने टाकलेली नाही. आधीचे खाते काढून मला प्रशासकीय अधिकार असलेले नवे खाते करून दिलेले आहे. महिनाभर संगणक विनातक्रार चालला, परंतु पेनड्राइव्ह वापरायची वेळ आली तेव्हापासून एका विचित्र अडचणीने मला हैराण केले आहे.

कोणताही पेनड्राइव्ह या संगणकाला पहिल्यांदा लावला की तो लगेच दिसतो, त्यावरच्या फाइली उघडतात आणि त्यावर नव्या फाइली उतरवताही येतात. दुसऱ्या दिवशी मात्र तोच पेनड्राइव्ह लावल्यावर उपकरण जोडले गेल्याचा आवाज येतो, त्याचा दिवाही लागतो, पण 'धिस पीसी'मध्ये तो दिसत नाही आणि डिस्क मॅनेजमेंटमध्येही त्याचा मागमूस नसतो. एकूण तीन पेनड्राइव्हांच्या बाबतीत हे घडले. तिन्ही पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर व्यवस्थित चालतात, त्यामुळे हा संगणक ते बिघडवतो आहे ही माझी पहिली शंका तरी फिटली.

पुढचे दोन आणि मागचे चार असे सहाही पोर्ट तपासले, सगळीकडे सारखेच. कीबोर्ड, माउस आणि प्रिंटर चालतात. फोन केबलने जोडला तर त्यातले फोटो उतरवता येतात. एक बाहेरची एसएसडी आहे, तीही दिसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस'पुढे पिवळा त्रिकोण असतो. ती नोंद अनइन्स्टॉल करून पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला की तो चालू लागतो, परंतु हा उपाय एका दिवसापुरताच टिकतो. मदरबोर्डवरील चिपसेटचे ड्रायव्हर (विंडोजला यंत्रभागाशी बोलायला लावणारे प्रोग्रॅम) नव्याने टाकून पाहिले. वीज तोडून, पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरण्याचा उपायही केला, त्याचाही उपयोग झाला नाही.

रोज सकाळी अनइन्स्टॉल करण्यावाचून दुसरा कायमचा मार्ग आहे का? की मदरबोर्डच बदलावा लागेल?

पहिला प्रतिसाद

कीबोर्ड आणि माउस चालतात यावरून पोर्ट ठीक आहेत असे धरू नका. ती उपकरणे बहुधा सेकंदाला १.५ मेगाबिट इतक्या संथ गतीने बोलतात, तर यूएसबी २.० चा पेनड्राइव्ह ४८० मेगाबिटच्या गतीने बोलतो. सैल संपर्क किंवा खराब केबल संथ उपकरणाला चालून जाते, वेगवान उपकरणाला चालत नाही. शिवाय जुन्या संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतील भागांना वीज पुरवणारा डबा, अशक्त झालेला असू शकतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणाला वीज वाचवण्यासाठी झोपवणारी सोय) बंद करून पाहा, आणि जमल्यास एसएमपीएस बदलून पाहा.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादातला संथ आणि वेगवान उपकरणांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मात्र येथे तो लागू पडेल असे मला वाटत नाही, कारण धागाकर्त्यांची एसएसडी चालते. एसएसडी पेनड्राइव्हपेक्षा अधिक वीज घेते आणि अधिक वेगाने बोलते. ती ज्या पोर्टवर चालते तेथे पेनड्राइव्हला वीज कमी पडण्याचे कारण नाही. बिघडलेला पोर्ट अनइन्स्टॉल केल्याने एका दिवसापुरता दुरुस्त होत नाही, हेही लक्षात घ्या. तेव्हा एसएमपीएसवर खर्च करण्याची घाई करू नका.

मला यात वेगळीच संगती दिसते. फोन एमटीपी पद्धतीने जोडला जातो, त्याचा ड्रायव्हर वेगळा. नव्या धाटणीच्या बाहेरच्या एसएसडी बहुधा यूएएसपी पद्धतीने चालतात, त्यांचाही ड्रायव्हर वेगळा. पेनड्राइव्ह मात्र विंडोजच्या 'यूएसबीस्टोर' नावाच्या सेवेवर, म्हणजे यूएसबी साठवणीच्या ड्रायव्हरवर, अवलंबून असतो. म्हणजे तुमच्याकडे जे जे चालते त्याला या सेवेची गरज नाही, आणि जे चालत नाही त्याला आहे.

कार्यालयांमध्ये माहिती बाहेर जाऊ नये म्हणून हीच सेवा बंद करून ठेवण्याची पद्धत आहे. रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या मांडणीच्या नोंदींचा साठा, तो 'रेजएडिट'ने उघडतो) एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस आणि यूएसबीस्टोर या क्रमाने गेलात की 'स्टार्ट' नावाची नोंद दिसेल. तिचे नेहमीचे मूल्य ३ असते. ४ असेल तर सेवा बंद आहे. पेनड्राइव्ह प्रथमच लावला, किंवा अनइन्स्टॉल करून पुन्हा लावला, की विंडोज ड्रायव्हर नव्याने बसवते आणि त्या ओघात हे मूल्य पुन्हा ३ होते. तुमचा पेनड्राइव्ह दिवसभर चालतो तो यामुळेच. माझा तर्क असा की दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते मूल्य गुपचूप ४ करत आहे.

कृपया तीन गोष्टी कळवा. पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदीवर डबल क्लिक केल्यावर कोणता कोड दिसतो? पेनड्राइव्ह दिसत नसताना 'स्टार्ट'चे मूल्य किती असते? आणि नवा पेनड्राइव्ह चालू असताना, अनइन्स्टॉल न करता, जुना पेनड्राइव्ह लावला तर तो दिसतो का? रजिस्ट्रीमध्ये तूर्त काही बदलू नका, केवळ पाहा.

धागाकर्ता

आपण दोघांनीही वेळ काढून उत्तर दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. कोड ३२ दिसतो, आणि त्याखाली या उपकरणाचा ड्रायव्हर बंद करण्यात आला आहे अशा अर्थाचे वाक्य आहे. इतके दिवस मी केवळ त्रिकोण पाहत होतो, आत काय लिहिले आहे ते वाचलेच नव्हते, याची खंत वाटते. 'स्टार्ट'चे मूल्य ४ होते. एका पेनड्राइव्हची नोंद अनइन्स्टॉल करून तो पुन्हा लावल्यावर ते ३ झाले, आणि त्यानंतर उरलेले दोन पेनड्राइव्ह काहीही न करता दिसले. साइन आउट करून पुन्हा साइन इन केले तर मूल्य परत ४.

दुसरा प्रतिसाद

मग संशयाला जागा उरली नाही. कोड ३२ चा अर्थच मुळी सेवा बंद केलेली आहे असा आहे. उपकरणात दोष असता तर बहुधा कोड ४३ दिसला असता. साइन इन करताच मूल्य बदलते, तेव्हा टास्क शेड्यूलर (ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणारी विंडोजची सोय) उघडा आणि ज्या कामांचा ट्रिगर 'अ‍ॅट लॉग ऑन', म्हणजे साइन इन होताच, असा आहे ती एकेक करून तपासा. कोणते काम एखादी बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) किंवा रजिस्ट्रीची आज्ञा चालवते ते 'अ‍ॅक्शन्स' या टॅबमध्ये दिसेल. सापडले की काढून टाकू नका, आधी 'डिसेबल' करा.

धागाकर्ता

सापडले. 'पॉलिसी' अशा साध्या नावाचे एक काम होते आणि ते एक बॅच फाइल चालवत होते. नोटपॅडमध्ये उघडल्यावर तीत एकच ओळ दिसली, 'स्टार्ट'चे मूल्य ४ करणारी. काम डिसेबल केले, मूल्य ३ केले, संगणक दोनदा पूर्ण बंद करून सुरू केला. तिन्ही पेनड्राइव्ह दिसत आहेत. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा कार्ड रीडर मी मोडलेला समजत होतो, तोही आता चालू झाला आहे. ती बॅच फाइल काढून टाकली तर चालेल का?

दुसरा प्रतिसाद

कार्ड रीडर आतून यूएसबीलाच जोडलेला असतो आणि बहुधा याच सेवेवर चालतो, म्हणून तोही अडकून पडला होता. फाइल काढायला हरकत नाही, परंतु आठवडाभर काम डिसेबलच ठेवा आणि मूल्य ३ च राहते का ते अधूनमधून पाहा. आधीच्या व्यवस्थापकाने एवढे एकच बंधन घातले असेल असे गृहीत धरता येत नाही. महत्त्वाच्या फाइलींची प्रत त्या एसएसडीवर काढून विंडोज नव्याने टाकणे हे मी या उपायापेक्षा अधिक पसंत करीन, विशेषतः या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करणार असाल तर.