जर्मन सून टुरिस्ट व्हिसावर आहे, लग्न वैदिक पद्धतीने झालंय. नोंदणी, व्हिसा, नागरिकत्व यांचं काय करायचं?

राजेंद्रनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. मुलगा स्टुटगार्टला नोकरीला होता, गेल्या वर्षी इंदूरला परत आला आणि आता इथेच काम करतो. सून जर्मन आहे. लग्न फेब्रुवारीत इथल्याच कार्यालयात वैदिक विधींनी झालं. कन्यादान तिच्या आईवडिलांनी केलं, गुरुजी एकेक मंत्र थांबून सांगत होते. लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळात अंगठीने लिहून मुलाने तिचं नाव मीरा ठेवलं.

ती ई-टुरिस्ट व्हिसावर आली आहे. तिला इथेच राहायचं आहे, जर्मन भाषेच्या शिकवण्या घ्यायच्या आहेत. आमच्याकडे गुरुजींनी दिलेला कागद, कार्यालयाची पावती आणि फोटो एवढंच आहे. एक एजंट म्हणतो की लग्न झालं म्हणजे ती भारतीयच झाली, नुसता पासपोर्ट काढायचा, आणि त्यासाठी भली मोठी रक्कम मागतोय. दुसऱ्याने सांगितलं की मुदत संपत आली की नेपाळला जाऊन परत यायचं.

नोंदणी नगर निगमात करायची की आणखी कुठे? त्यावर मीरा लिहायचं का? व्हिसा इथे बसून बदलतो का? आणि नागरिकत्व बरं की ओसीआय (परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणारं कार्ड)? पोरगी आपलं घरदार सोडून आमच्याकडे आली आहे. कागदामुळे तिला परत जायची वेळ येऊ नये, एवढीच काळजी आहे.

सुदामानगरची_ताई

ताई, आधी दोन्ही एजंटांना नकार कळवा. लग्नाने नागरिकत्व मिळत नाही. आणि नेपाळच्या फेऱ्या मारून टुरिस्ट व्हिसावर संसार करता येत नाही. उद्या विमानतळावर अधिकाऱ्याने अडवलं तर एजंट तिथे येणार नाही.

माझा नवरा डच आहे. आमचं लग्न इंदुरातच झालं, तो आता ओसीआय कार्डावर राहतो. म्हणून सविस्तर लिहिते.

सगळं अडतं ते नोंदणीपाशी. तुमच्या घरी लग्न कधी लागलं हे सरकार मोजत नाही, नोंदणी कधी झाली हे मोजतं. हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो, त्यामुळे सप्तपदी झाली असली तरी त्या कायद्याखालची नोंद तुमच्या कामाची नाही. तुम्हाला विशेष विवाह कायदा, १९५४ लागतो. त्याचे विवाह अधिकारी आपल्याकडे कलेक्टरेटमध्ये, अपर कलेक्टरांकडे. नगर निगमाच्या खिडकीवर वेळ घालवू नका.

त्यात दोन वाटा आहेत. एक म्हणजे झालेल्या लग्नाची नोंद, कलम १५ खाली. त्यासाठी अर्जाच्या आधी दोघंही किमान ३० दिवस जिल्ह्यात राहिलेले हवेत. दुसरी वाट अधिकाऱ्यांसमोर नव्याने लग्न लावण्याची. त्यात दोघांपैकी एकाचे ३० दिवस पुरतात. दोन्हीत नोटीस लागते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. शेवटी तीन साक्षीदारांच्या सह्या. सुनेच्या व्हिसाची मुदत आजच कॅलेंडरवर मांडा, हे सगळं त्यात बसतं का ते बघा आणि मग वाट ठरवा. ती अविवाहित असल्याचा जर्मनीतला दाखला लागेल, तो तिच्या आईवडिलांना आत्ताच मागवायला सांगा.

नावाबद्दल माझं ऐकाल तर मीरा हे नाव घरात राहू द्या. कागदावर पासपोर्टातलंच नाव, अक्षरन् अक्षर. जर्मन पासपोर्टात एक गंमत नसलेली गोष्ट असते: नावात दोन टिंबांचा ‘यू’ (ü) असेल तर वर तो टिंबांसह छापतात आणि खालच्या दोन मशीनच्या ओळींत ‘यूई’ अशी दोन अक्षरं करतात. बाबू वरचं बघून टिंबं गाळतो, व्हिसावर खालचं असतं, आणि एका बाईची तीन स्पेलिंगं होतात. सर्टिफिकेटचा कच्चा मसुदा हातात आला की पासपोर्ट शेजारी ठेवून बोटाने एकेक अक्षर वाचा, सही त्यानंतर. आडनावही घाईने बदलू नका. बदललं की नवा पासपोर्ट, आणि त्यामागे सगळे कागद पुन्हा.

सर्टिफिकेट आलं की ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) पोर्टलवर टुरिस्ट व्हिसाचा एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स व्हिसा करायचा अर्ज टाका. एरवी टुरिस्ट व्हिसा बदलून मिळत नाही, भारतीयाशी लग्न झालेल्यांना ती सवलत आहे. अर्ज मुदतीच्या आत गेला पाहिजे. मुदतीत जमत नसेल तर तिने सरळ जर्मनीला जावं, सर्टिफिकेट हातात आलं की तिथल्या भारतीय दूतावासातून एक्स व्हिसा घेऊन यावं. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आली तर उतरल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे तिची नोंदणी करायची असते.

मग घरी पोलीस थान्यातून चौकशी येते. आमच्याकडे हवालदार आले तेव्हा नवरा ओसरीत बसून सायकलची चेन साफ करत होता. काळ्या हातांनीच उठून त्याने त्यांना मराठीत “बसा” म्हटलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे इथे राहतात की येऊन-जाऊन असतात? मग शेजारच्या काकूंना तेच विचारलं. काकूंनी तो रोज दूध कुठून आणतो तेही सांगून टाकलं. चौकशीत हेच बघतात, की लग्न खरं आहे का, दोघं एकत्र नांदतात का. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे पोलीस बघून कुणी बिचकणार नाही.

एक्स व्हिसावर नोकरी करता येत नाही. पैसे घेऊन शिकवणीही नको. हे तिला आधीच स्पष्ट सांगा, कारण मधला हा काळ सगळ्यात जड जातो. शिकलेली, कमावती माणसं घरात बसून राहतात. माझ्या नवऱ्याने त्या दिवसांत मराठी लिहायला-वाचायला शिकून घेतलं.

लग्नाच्या नोंदणीला दोन वर्षं सलग पूर्ण झाली की नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ए खाली ओसीआयला अर्ज करता येतो. भारतात भरला तर फी १५,००० रुपये. आधी सुरक्षा मंजुरी लागते. कार्ड मिळालं की व्हिसाची कटकट संपते, शिकवण्याही घेता येतात. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. जोडीदार म्हणून कार्ड मिळालेल्यांनी दर नव्या पासपोर्टनंतर तो पोर्टलवर चढवून लग्न टिकून असल्याचं लिहून द्यायचं असतं. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं. मला हे कठोर वाटतं, पण कायदा तसा आहे आणि तो सुनेला आज माहीत असायला हवा.

रामबागेतले_आजोबा

सुदामानगरच्या ताईंनी नीट सांगितलंय. माझी एकच पुस्ती. तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल की मुलीचं धर्मांतर करून टाका, म्हणजे हिंदू कायद्याखाली पटकन नोंद होईल.

आपल्या इंदूरच्या राजघराण्यात हे पूर्वी घडलंय. तुकोजीराव होळकरांनी (तिसरे) १९२८ साली अमेरिकेच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं, तेव्हा आधी नाशिकला तिचा शुद्धिविधी (हिंदू धर्मात घेण्याचा विधी) झाला आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. त्या लग्नावरून देशभर वाद झाला. आज १९५४ चा कायदा आहे. कुणाला धर्म बदलायला न लावता लग्न कायदेशीर करण्यासाठीच तो आहे. सुनेला मनापासून पूजा करावीशी वाटते तर करू दे, तिची प्रार्थना करावीशी वाटते तर तीही करू दे. नोंदणी लवकर व्हावी म्हणून तिच्या श्रद्धेला हात लावू नका.

राजेंद्रनगर_इंदूर

दोघांचे मनापासून आभार. तारखा मांडल्या, नोटिशीचे दिवस मुदतीत बसतात. एजंटला नाही म्हटलं.

मुलगा विचारतोय की जर्मनीने २०२४ पासून दोन नागरिकत्वं ठेवायला परवानगी दिली आहे, मग मीराला पुढे दोन्ही ठेवता येतील ना? आणि उद्या मूल झालं तर ते कोण?

सुदामानगरची_ताई

जर्मनीने दिली, भारताने दिलेली नाही. आपलं नागरिकत्व घ्यायचं तर तिला जर्मन नागरिकत्व सोडावं लागेल. उलटही तेच: मुलाने कधी जर्मन नागरिकत्व घेतलं तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे त्याचं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी जाईल. तिकडे दोन चालतात म्हणून इथेही चालतील असं समजून त्याने कुठे सही करू नये.

तिला भारतीय व्हायचंच असेल तर कलम ५ खाली सात वर्षांचं वास्तव्य लागतं: अर्जाच्या आधीचे १२ महिने सलग, आणि त्याआधीच्या ८ वर्षांत मिळून ६ वर्षं. म्हणून आजपासून येण्याजाण्याच्या शिक्क्यांच्या फोटोकॉपी एका फाइलीत लावत जा. पण हा निर्णय तिचा आहे, ताई. तिचे आईवडील तिकडे म्हातारे होणार आहेत. त्यांच्याकडे जायला व्हिसा मागावा लागेल असं नागरिकत्व तिने घ्यावं का, हे सासरच्यांनी ठरवू नये. आमच्या घरी मी तो विषय कधी काढला नाही.

होणाऱ्या बाळाबाबत सांगायचं तर ते भारतात जन्मलं, जन्माच्या वेळी आईबापांपैकी एक भारतीय असला आणि दुसरा बेकायदा राहत नसला, तर ते जन्माने भारतीय. व्हिसाची मुदत उलटून राहिलेला माणूस कायद्याच्या भाषेत बेकायदा स्थलांतरित ठरतो. त्यामुळे तिच्या व्हिसातला खंड उद्या नातवंडाच्या नागरिकत्वावरही येऊ शकतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या बराच आधी टाका. पोर्टलवरून येणारी मेल मुलाने स्वतः रोज बघावी, कागद कमी असला तर ते तिथेच विचारतात.

कलेक्टरेटला जाताना दोघांचे मूळ पासपोर्ट, लग्नाचे फोटो आणि गुरुजींचा कागद बरोबर असू द्या. साक्षीदार सुनेच्या माहेरचे असायला हवेत असं नाही. सज्ञान असलेले, ओळखपत्र घेऊन दिलेल्या दिवशी नक्की हजर राहणारे तिघं बघा.