मदत हवी आहे: अंगावरून कधी पाण्यासारखं, कधी घट्ट जातंय. यात नॉर्मल काय?

पेठेतली_मुलगी
कुणीतरी लवकर सांगा. पाळी संपल्यावर काहीच नव्हतं. मग पांढरं, मग एकदम पारदर्शक, बोटाला तार सुटेल असं. आता परत घट्ट. आई म्हणते हाडं झिजतात, म्हणून कंबर दुखते. काळ्या निकरवर तांबूस डाग पडलेत, घासून जात नाहीत. नेटवर बघितलं की थेट कॅन्सर!

शाहूपुरीकर_वहिनी
वय काय? लग्न झालंय? पाळी किती दिवसांनी येते? खाज, वास, आग? काहीच लिहिलं नाहीस बाळा.

कागलची_सून
तांदळाचं धुवण घे सकाळी उपाशीपोटी. माझ्या सासूबाई सगळ्यांना तेच देतात. उष्णता आहे ही.

स्टाफनर्स_ताई
धुवण प्यायला हरकत नाही, पण थांबवायचं काय आहे? हिनं लिहिलंय तो क्रम बरोबर आहे. पाळीनंतर थोडे दिवस कोरडं. इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलं की ओलावा वाढतो, आणि बीज सुटायच्या सुमारास कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं. शुक्रजंतूंना वर जायला त्यातूनच वाट मिळते. नंतर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे घट्ट आणि कमी. योनीतला पीएच 3.8 ते 4.5, म्हणजे आंबट. गडद कापडाचा रंग त्यानंच उडतो. हाडं यातून झिजत नाहीत, आईंना सांग. कंबरेचं कारण वेगळं शोधायचं.

कागलची_सून
म्हणजे जुन्या बायका खुळ्या?

स्टाफनर्स_ताई
तसं कोण म्हणालं? स्वच्छ स्रावाला रोग म्हणू नका, एवढंच.

राजारामपुरी_८वी_गल्ली
इंटिमेट वॉश वापर, मी रोज वापरते.

स्टाफनर्स_ताई
आत काही घालून धुवू नका हो. तिथले चांगले जिवाणूच ॲसिड बनवतात, ते मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे.

आक्का_इचलकरंजी
पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा मी आतले कपडे इस्त्री करून घालते. दमट घालूच नये.

शाहूपुरीकर_वहिनी
आक्का, ते तिनं विचारलंच नाही. पोरी, आहेस का?

पेठेतली_मुलगी
22 वर्षं, लग्न नाही. पाळी 33 दिवसांनी. मग बीज 14व्या दिवशीच ना? आणि दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं, त्यानंतर खाज आहे. वास नाही. आता येतंय ते गुठळ्या गुठळ्यांचं आहे.

स्टाफनर्स_ताई
हे आधी सांगायचं गं! बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं, तुझं 19व्याच्या आसपास. तार सुटणारं ते तेच असणार. पण खाज आणि गुठळ्या वेगळ्या, अँटिबायोटिकनंतर बुरशी वाढते. मेडिकलमधून मनानं गोळी घेऊ नको, आधी दाखव. मासळीचा वास, हिरवट-पिवळा फेस, ओटीपोटात दुखणं, ताप यातलं काही झालं तर लगेच जा.

राजारामपुरी_८वी_गल्ली
लग्न झालं नसेल तर आतून तपासतात का?

स्टाफनर्स_ताई
विचारल्याशिवाय नाही. नको वाटलं तर सांगायचं. बऱ्याचदा बाहेरून बघून, नुसता कापूस फिरवून नमुना घेतात.

पेठेतली_मुलगी
सीपीआरला, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊ का? आईला न सांगता?

शाहूपुरीकर_वहिनी
आईलाच घेऊन जा. हाडांचं तिलाही डॉक्टरांकडून ऐकू दे. सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते.

कागलची_सून
आणि धुवण घेत राहा.