बटण सेल गिळला की आईच दोषी?

वैदेही_ठाणे: काल इथे एकीने लिहिलं, "पोराने खेळण्यातला सेल गिळला म्हणजे आई मोबाइलमध्ये होती, खेळण्याला कशाला नावं ठेवता." डोकंच फिरलं. अहो, हा नाण्यासारखा चपटा बटण सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यात करंट सुरू होतो, कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजतं. त्यातला सीआर२०३२ नंबरचा सेल चांगला २० मिमीचा, लहान पोराच्या गळ्याखाली बरोब्बर अडकतो. माझ्या भाचीच्या लायटिंगच्या बाहुलीचं झाकण नखाने निघालं, स्क्रूच नाही! अमेरिकेत दीड वर्षाची मुलगी रिमोटमधल्या सेलने गेली, तेव्हा कुठे २०२२ साली कायदा झाला, सेलचं झाकण पोरांना उघडता येता कामा नये म्हणून.

मंदार_के: रिमोट, वजनकाटा, गाडीची चावी, सगळीकडे तोच सेल. सगळं घराबाहेर टाकणार का? आमच्या आईने चार पोरं वाढवली.

वैदेही_ठाणे: भोवरा नि भातुकलीत कुठला लिथियम सेल होता?

दुकानदार_सातारा: मी बोलतो. २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा, मी महाग माल घेऊन बसतो, आणि दुकानासमोर जत्रेत बिनामार्क चमचमती खेळणी ढिगाने विकतात. तपासणीला माणसं येतात ती माझ्याकडेच!

शंकर_प: जत्रेतल्या माणसाच्या पोटावर पाय कशाला? तो होलसेलवाल्याकडून घेतो, त्याला धरा की.

दुकानदार_सातारा: पोट मलाही आहे. हप्ते फेडतोय मी.

शंकर_प: मग आयात करणाऱ्यांशी भांडा, गरिबाशी नको!

वैदेही_ठाणे: दोघंही थांबा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात माल परत मागवायचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. पण बिल नाही, खोक्यावर नाव नाही, तर परत कोणाचा माल मागवणार?

सिस्टर_नगर: मी कॅज्युअल्टीत काम करते. सेल गिळला की लाळ गळते, पोर खात नाही, खोकतं, आणि घरचे सर्दी समजून बसतात. एक्सरेत नाणं वाटतं, पण कडेला दुहेरी वर्तुळ दिसलं तर सेल. उलटी काढू नका. पोर वर्षाच्या वरचं असेल, गिळता येत असेल, तर हॉस्पिटलच्या वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, पण मध शोधत घरी थांबू नका. वर्षाखालच्याला मध अजिबात नाही. आणि संपलेला सेलसुद्धा भाजतो, तो ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका.

मंदार_के: बरं बाई, झाकणाला स्क्रू हवा, मान्य. तरी लक्ष आईबापांनीच ठेवायचं.

वैदेही_ठाणे: ठेवतोच की. पण रात्री भाकरी थापताना पाठीला डोळे नसतात, तेवढ्यापुरता तो स्क्रू हवा.