दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न. गावाला काय मिळतं?

शिरूरकर_पोरगा:
आमच्या चौकटीवर एका संशोधन संस्थेचा घरनंबर रंगवलाय. मी शाळेत होतो तेव्हापासून दर सहा महिन्यांनी कुणीतरी येतं. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण नांदायला गेलं, चूल की गॅस. गेल्या वर्षी आजी गेली. महिन्याभराने एक ताई टॅब घेऊन हजर. ताप किती दिवस होता? धाप लागायची का? पायावर सूज? आई डोळे पुसत पाऊण तास सांगत बसली. आजी कशाने गेली, ते आम्हाला अजून कुणी कळवलेलं नाही. माहिती आमची, शोधनिबंध त्यांचे. हे बंद करा आणि पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रात घाला.

वडसा_देसाईगंज:
बंद करा म्हणू नका हो. आमच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने न्यूमोनियाच्या कामात निरक्षर दायांना वाळूचं घड्याळ आणि मणी दिले होते. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, मिनिटात किती मणी सरकले ते बघायचं; जास्त सरकले तर न्यूमोनियाचा संशय. पुढे १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांची नोंद ठेवली, तुलनेला ४७ गावं. गावातल्याच बाईला घरी जाऊन बाळ तपासायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. या सेवेच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्के कमी. आज आशाताई वजनकाटा घेऊन बाळंतिणीकडे जाते, ती वाट इथून निघाली. मेलेली बाळं कुणी मोजलीच नसती, तर दिल्लीने ऐकलं असतं का?

कोकणस्थ_नव्हे:
आणि त्या ४७ गावांतली बाळं? त्यांना घरी तपासणी नाही, इंजेक्शन नाही, नुसती मोजणी. हे कुणालाच खटकत नाही?

वडसा_देसाईगंज:
खटकतं. पण तिथे सरकारी सेवा चालू होतीच. आणि सातवी-आठवी शिकलेल्या बाईने बाळाला जेंटामायसिन हे प्रतिजैविक टोचायचं, हे तेव्हा भल्याभल्या डॉक्टरांना धोक्याचं वाटत होतं. गुण येतो हे आधीपासून ठाऊक असल्यासारखं आज बोलणं सोपं आहे.

आकडेमोड:
पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ ला मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांच्या चमूने गरोदर बाया तपासायला घेतल्या. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. दिसायला काटकुळी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. हीच पोरं मोठी होईपर्यंत तपासत राहिले म्हणून आईच्या बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आणि मुलाच्या पुढच्या मधुमेहाच्या धोक्याचा धागा हाती लागला. दोन वर्षांचा प्रकल्प असता तर काय कळलं असतं? कप्पाळ! बाकी शिरूरकर, घरी मरण आलं की बहुतेकदा कारण सांगणारा डॉक्टरचा दाखला नसतो. म्हणून ते प्रश्न. डॉक्टर उत्तरं वाचून संभाव्य कारण ठरवतात.

शिरूरकर_पोरगा:
ठरवतात ना? मग आईला सांगा. बंद करा हे मी मागे घेतो, रागात लिहिलं. पण ताई पुढच्या फेरीला आल्या की चहा ठेवीन आणि पहिला प्रश्न मी विचारीन.