शब्दांकन करताना कानी पडलेले गुपित कोणाचे?

पडद्याआडची_लेखणी

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी इतरांच्या आत्मचरित्रांचे शब्दांकन करते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक पुस्तकांवर माझे नाव नाही. तसे आधीच ठरलेले असल्यामुळे त्याची तक्रारही नाही. सध्या एका माजी आमदारांच्या पुस्तकाचे काम हाती आहे. सुमारे चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण झाले आहे. एका बैठकीत, जेवणानंतरच्या सैल गप्पांत, त्यांनी आपल्या प्रभावाखालची पतसंस्था कशी बुडाली हे सविस्तर सांगितले: निवडणुकीच्या खर्चासाठी बोगस सभासदांच्या नावे कर्जे कशी उचलली गेली, आणि कागद कोणी रंगवले. शेवटी "हे लिहायचे नाही" एवढेच म्हणाले. रेकॉर्डर चालूच होता.

इथवर मी गप्प राहिले असते. पण आता आलेल्या टिपणानुसार नवव्या प्रकरणात पतसंस्था तेव्हाच्या व्यवस्थापकाने बुडवली असे लिहायचे आहे. ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांचे कुटुंब त्याच गावात राहते. मी दोन दिवस उत्तर दिले नाही, तेव्हा साहेबांच्या स्वीय सहायकांनी फोन करून सर्व ध्वनिमुद्रण परत मागितले आणि जाता जाता माझा मुलगा कोणत्या शाळेत जातो याची चौकशी केली. ध्वनिमुद्रण नेमके कोणाचे? मी ते परत द्यावे का? आणि नववे प्रकरण लिहायला नकार देता येतो का?

दिवाणी_दावा

ताई, शाळेच्या चौकशीची तारीख, वेळ आणि शब्द आजच लिहून ठेवा. बाकीचे त्यानंतर.

ध्वनिमुद्रणाबाबत जर्मनीतला एक खटला आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. माजी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी आपल्या आठवणी लिहिण्यासाठी हेरिबर्ट श्वान या पत्रकाराला घेतले होते आणि 2001 व 2002 या वर्षांत कोल यांच्या घरी सहाशेहून अधिक तासांचे बोलणे टेपवर उतरले. कोल यांच्यावर तेव्हा पक्षासाठी घेतलेल्या गुप्त देणग्यांचे सावट होते. देणगीदारांची नावे त्यांनी अखेरपर्यंत सांगितली नाहीत. तीन खंड निघाले, मग दोघांचे बिनसले, आणि कोल यांनी टेप परत मिळवण्यासाठी न्यायालय गाठले. मौज अशी की दोघांचेही करार प्रकाशकाशी होते, एकमेकांशी नव्हते. तरीही तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2015 मध्ये टेप कोल यांना देण्याचा निर्णय कायम केला. टेपची मालकी कोणाची, हा मुद्दा त्यात निर्णायक ठरला नाही. हे बोलणे एका विशिष्ट कामासाठी विश्वासाने सोपवले होते, म्हणून काम संपल्यावर ते ज्याचे त्याला परत, असा तो युक्तिवाद होता.

दरम्यान 2014 मध्ये श्वान यांनी सहलेखकासह त्या टेपांवर आधारलेले पुस्तक काढले. अँगेला मर्केल यांना काट्या-चमच्याने धड जेवताही येत नसे, अशा जातीची कोल यांची शेरेबाजी त्यामुळे जगजाहीर झाली. एप्रिल 2017 मध्ये कोलोनच्या न्यायालयाने कोल यांना दहा लाख युरोंची भरपाई मंजूर केली. पण जूनमध्ये कोल वारले आणि निकाल अंतिम झाला नसल्यामुळे ती रक्कम पत्नीला वारशाने मिळाली नाही.

हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, परंतु आपले करारपत्र गोपनीयतेबद्दल काही म्हणत असेल तर इथेही वाद त्याच वाटेने जाईल. मजकुराचा स्वामित्वहक्क ही वेगळी बाब आहे. आपण नोकरीत नसाल आणि लेखी हस्तांतरण केले नसेल, तर 1957 च्या कायद्याप्रमाणे शब्दरचनेचा पहिला हक्क सामान्यतः आपला. मात्र वकील-अशिलाच्या संभाषणाला मिळते तसे संरक्षण शब्दांकन करणाऱ्याला नाही. न्यायालयाने विचारले, तर आपल्याला सांगावे लागेल.

जुना_खर्डा

मी हे काम तीस वर्षे केले, म्हणून थोडे वेगळे सांगतो. "हे लिहायचे नाही" म्हणणारा माणूस बहुधा कोणीतरी ऐकावे म्हणूनच बोलत असतो, आणि ते ओझे सांभाळण्याचे मानधन आपल्याला मिळते. मी अशी पुष्कळ ओझी सांभाळली. त्यामुळे ऐकलेले न लिहिणे यात मला गैर वाटत नाही. खोटे ठाऊक असताना ते खरे म्हणून लिहिणे हे मात्र निराळे काम आहे, आणि मुखपृष्ठावर नाव नसल्याने ते माफ होत नाही. मृताबद्दलचे विधान त्याच्या आप्तांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेले असेल, तर तीही बदनामी ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 चे पहिले स्पष्टीकरण वाचा. नकार ईमेलने द्या, कारण एका वाक्यात द्या, आणि त्यात पतसंस्थेचा उल्लेखही करू नका.

ठेवीदार_नागरिक

वरील दोन्ही उत्तरांत ठेवीदार कुठेच नाहीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. गवंड्याने किंवा शिक्षिकेने ठेवलेले पैसे गेले म्हणजे गेले. अशा वेळी "विश्वासाने सोपवलेले बोलणे" हा शब्दप्रयोग मला जड जातो.

तरीही ताईंनी टेप घेऊन वर्तमानपत्रात जावे असे मी म्हणणार नाही, कारण त्यांना संरक्षण देणारे फारसे काही नाही. जागल्यांसाठीचा, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठीचा, कायदा 2014 मध्ये संमत होऊनही अंमलात आलेला नाही. आणि खरे तर टेपची गरजच कमी आहे. बोगस कर्जे कर्जखात्याच्या उताऱ्यांत, जामीनदारांच्या सह्यांत आणि लेखापरीक्षण अहवालात दिसतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 83 खाली निबंधक स्वतःहूनही चौकशी लावू शकतात, आणि कलम 88 खाली दोषी संचालकांवर रक्कम निश्चित करता येते. कुठे बघायचे हे कळलेला एक ठेवीदार पुरेसा असतो.

दिवाणी_दावा

सहमत आहे, एक सावधगिरी सांगून. ध्वनिमुद्रण पुसू नका. पुढे चौकशी निघाली तर पुरावा नष्ट केल्याचे बालंट आपल्यावर येईल. परत द्यायचे ठरल्यास तासांचा आणि फायलींचा तपशील लिहून सहीनिशी पोच घ्या, आणि त्याआधी स्थानिक वकिलाला करारपत्र दाखवा.

पडद्याआडची_लेखणी

सर्वांचे आभार. करारपत्र काढून पाहिले: माझी सही प्रकाशकाबरोबर आहे, साहेबांबरोबर एक कागदही नाही, आणि गोपनीयतेचे कलम सापडले नाही. नवव्या प्रकरणाचा नकार आज दुपारी पाठवला. मानधनाचा दुसरा हप्ता आता येणार नाही हे गृहीत धरले आहे. सोमवारी वकिलांना भेटते आहे, तोवर रेकॉर्डर त्यांच्या सल्ल्याशिवाय कोणालाही देणार नाही. शाळेत मात्र आजच जाऊन आले आणि मुलाला न्यायला माझ्याशिवाय कोणी आले तर सोडू नका, असे लेखी देऊन आले.