मेहुण्यांच्या बोटीवर हिवाळ्याचे दोन महिने: साठी उलटलेल्या दांपत्याने कोणता विचार करावा?

विश्वामित्रीकाठ (बडोदा):

सप्रेम नमस्कार. माझे वय 66 असून मी एका कारखान्याच्या यांत्रिक देखभाल विभागातून निवृत्त झालो आहे; पत्नी 63 वर्षांची आहे आणि तिने बडोद्यातील एका शाळेत तीस वर्षे शिकवले. आमचे सारे आयुष्य दांडिया बाजारात गेले. सूरसागरच्या काठावरची संध्याकाळ, चांदोदला नर्मदेत नावेतून घेतलेली फेरी आणि पावसाळ्यात विश्वामित्रीच्या चढत्या पाण्याची काळजी, एवढाच आमचा पाण्याशी संबंध.

पत्नीचे थोरले बंधू आणि वहिनी अनेक वर्षांपासून अमेरिकेत आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी एका डिझेल इंजिनाची, ट्रॉलर पद्धतीची, म्हणजे मासेमारी बोटीच्या घडणीची आणि संथ चालणारी, 36 फुटी बोट घेतली आणि गेली चार वर्षे ते पूर्ण हिवाळा तिच्यावरच राहतात. ऑक्टोबरच्या अखेरीस व्हर्जिनियातील नॉरफोकहून निघायचे, किनाऱ्याच्या आतून जाणाऱ्या जलमार्गाने हळूहळू दक्षिणेला उतरायचे, थंडीचे महिने फ्लोरिडात काढायचे आणि एप्रिलमध्ये परतायचे, असा त्यांचा क्रम आहे. यंदा त्यांनी आम्हां दोघांना आग्रहाने बोलावले आहे. व्हिसा आमच्याकडे आहे. आम्ही आखलेला बेत असा: 12 डिसेंबरला फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे बोटीवर जायचे, संक्रांतीच्या सुमारास मायामीहून बहामातील बिमिनी बेटावर जाऊन तेथे दोन आठवडे राहायचे आणि 10 फेब्रुवारीच्या विमानाने मायामीहून निघायचे, कारण 22 फेब्रुवारीला बडोद्यात पुतणीचे लग्न आहे.

एवढ्याशा जागेत चार माणसांचे दिवस कसे जातात, बोट चालवण्यात आमचा उपयोग होईल की अडचण, आणि हा बेत तारखांच्या दृष्टीने योग्य आहे का, हे अनुभवी सभासदांनी सांगावे. आणखी एक गोष्ट लिहिणे आवश्यक वाटते. 18 जानेवारी 2024 रोजी आमच्या हरणी तलावात बोट उलटून विद्यार्थी आणि शिक्षिका असे 14 जण गेले. पत्नी स्वतः शिक्षिका असल्यामुळे ती घटना तिच्या मनातून गेलेली नाही, आणि बोटीचा विषय निघाला की ती आधी लाइफ जॅकेटबद्दल विचारते.

बडोद्याची माहेरवाशीण (नॉर्थ कॅरोलिना):

आपले पत्र वाचून फार आनंद झाला. माझे माहेर रावपुऱ्यातले आहे, आणि यजमानांच्या निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी याच मार्गावर 34 फुटी शिडाच्या बोटीत पाच हिवाळे काढले आहेत. आपल्या वहिनींना मी ओळखत नाही, तरी त्यांची दिनचर्या मी डोळे मिटून सांगू शकेन.

प्रथम अंतराचा हिशेब करू, कारण त्यातच या जीवनाचे स्वरूप कळते. नॉरफोक हा या जलमार्गाचा शून्य मैल मानला जातो आणि तेथून मायामी सुमारे 1090 मैलांवर आहे. सेंट ऑगस्टीन ते मायामी हा आपल्या वाट्याचा भाग जेमतेम 310 मैलांचा. ट्रॉलर ताशी सात-आठ मैल चालते आणि डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळत असल्यामुळे अंधारापूर्वी नांगर टाकायचा, या नियमाने दिवसाला चाळीस मैल होतात. म्हणजे आपल्या साठ दिवसांपैकी प्रत्यक्ष प्रवासाचे दिवस आठ. उरलेले बावन्न दिवस हा संसार आहे, आणि या बेताचा विचार सहल म्हणून न करता संसार म्हणून करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या संसारात पाणी मोजून वापरावे लागते. बोटीच्या टाकीत 560 लिटर पाणी मावते असे धरले आणि चार माणसांना ते दहा दिवस पुरवायचे ठरवले, तर माणशी दिवसाला 14 लिटर येतात, म्हणजे आंघोळ, भांडी आणि पिण्याचे पाणी धरून एक बादलीसुद्धा पूर्ण नाही. आम्ही डाळ-तांदूळ धुतलेले पाणी भांडी विसळण्यासाठी ठेवत असू आणि कुकरमध्ये एकावर एक तीन डबे लावत असू, कारण त्यात पाणी आणि गॅस दोन्ही वाचतात. शौचालयाचा मैला टाकीत साठवला जातो, आणि किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत तो प्रक्रिया न करता सोडण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे मरीनात, म्हणजे बोटी लावण्याच्या धक्क्यावर, जाऊन पंपाने टाकी रिकामी करून घ्यावी लागते. हे काम आपण स्वतःहून शिकून घेतलेत, तर मेहुण्यांना पाहुणे ओझ्यासारखे वाटणार नाहीत.

मुक्कामांपैकी सेंट ऑगस्टीनला निदान आठवडा द्यावा. 1565 मध्ये वसलेल्या या गावात कोकीना नावाच्या, शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेल्या दगडाचा स्पॅनिश किल्ला आहे. त्याचे बांधकाम 1672 मध्ये सुरू झाले, आणि हा दगड इतका सच्छिद्र आहे की तोफगोळा आदळल्यावर भिंत फुटण्याऐवजी गोळाच तिच्यात रुतत असे. दक्षिणेला व्हेरो बीच येथे नांगराऐवजी पालिकेने पाण्यात कायम बसवलेल्या बोयांना, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या गोळ्यांना, बोटी बांधतात. गर्दी झाली की एकाच बोयाला दोन-तीन बोटी शेजारी शेजारी बांधाव्या लागतात, त्यामुळे वाड्यातल्यासारखा शेजार लाभतो. शहराची बस मोफत आहे आणि वाणसामान भरण्यासाठी याहून सोयीची जागा मला आढळली नाही. एका हिवाळ्यात आम्ही चार दिवसांसाठी थांबलो आणि पाच आठवडे राहिलो.

आता बिमिनीबद्दल. आपल्या बेतात हाच भाग मला चिंतेचा वाटतो. अंतर सुमारे 50 सागरी मैल, म्हणजे आपल्या बोटीला सात तासांचे, परंतु मध्ये गल्फ स्ट्रीम हा उत्तरेकडे वाहणारा वेगवान प्रवाह आहे. वारा उत्तरेचा असला की तो या प्रवाहाच्या तोंडावर येतो आणि लाटा उंच, उभ्या आणि एकमेकींना लागून उठतात. हिवाळ्यात थंड हवेच्या लाटा आठवड्याला एक या गतीने येत राहतात. प्रत्येक लाटेपूर्वी वारा दक्षिणेकडे वळतो, मग नैर्ऋत्य, वायव्य असा फिरत एकदम उत्तरेला जातो आणि तेथे काही दिवस टिकून राहतो. म्हणून लोक मायामीजवळच्या ‘की बिस्केन’ नावाच्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकून दोन-दोन आठवडे वारा पडण्याची वाट पाहतात, आणि हीच वाट परतताना पुन्हा पाहावी लागते. एका वर्षी आमचे परतीचे विमान ठरलेले होते म्हणून आम्ही वारा पुरता पडण्यापूर्वी निघालो. सात तासांऐवजी अकरा तास लागले, यजमानांच्या बरगडीला मार बसला आणि त्या दिवसाची आठवण आजही मला नकोशी वाटते. आपल्याला 22 फेब्रुवारीला मांडवात उभे राहायचे आहे. त्या तारखेसाठी समुद्राशी करार करू नये.

जुना इंजिनवाला (बडोदा, मांजलपूर):

मी व्यापारी जहाजांवर मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालो. ताईंनी लिहिलेले गल्फ स्ट्रीमचे वर्णन अक्षरशः खरे आहे. मोठ्या जहाजावरूनही तेथील उत्तरेचा वारा जाणवतो.

आपण देखभाल विभागातले आहात, म्हणजे आपला उपयोग होईलच. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तेल, शीतक आणि पट्टा तपासावा, समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या गाळणीत शेवाळ अडकले आहे का ते पाहावे, आणि बोटीच्या तळाशी, ज्याला बिल्ज म्हणतात तेथे, किती पाणी साठले आहे याची नोंद वहीत करावी. एकच इंजिन असल्यामुळे या पंधरा मिनिटांची किंमत फार मोठी आहे.

दोन धोके मात्र कारखान्यापेक्षा वेगळे आहेत. स्वयंपाकाचा प्रोपेन वायू, आपल्या घरच्या सिलिंडरमधल्या गॅसप्रमाणेच, हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून निघून जाऊ शकतो, पण बोटीचा तळ बंद वाटीसारखा असल्यामुळे तो तेथेच साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो; म्हणून स्वयंपाक झाला की बर्नरबरोबर सिलिंडरकडची झडपही बंद झालीच पाहिजे. दुसरा धोका जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. आपण ज्या खोलीत झोपणार आहात तेथे त्याची सूचना देणारा गजर आहे का, आणि तो चालू आहे का, हे संकोच न करता मेहुण्यांना विचारावे.

भरती-ओहोटीबद्दलही थोडे लिहितो. आपल्या खंबातच्या आखातात पाणी दहा मीटरच्या वर चढते-उतरते. त्या मानाने मायामीला ते दोन-अडीच फूटच हलते. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर हा फरक सात ते नऊ फुटांचा आहे, परंतु आपण त्याच्या दक्षिणेला बोटीवर चढणार असल्यामुळे तो त्रास आपल्याला होणार नाही. जलमार्ग सांभाळणारे सरकारी खाते गाळ काढत असते, तरी समुद्राची तोंडे जेथे येऊन मिळतात तेथे तळ सतत बदलतो. अशा ठिकाणी वेग कमी ठेवावा आणि एकाने खोली दाखवणाऱ्या यंत्रावर नजर ठेवावी. दक्षिणेकडे जाताना जलमार्गातल्या खुणांवरचा पिवळा त्रिकोण उजव्या हाताला आणि पिवळा चौकोन डाव्या हाताला राहिला पाहिजे, एवढे आपल्या पत्नीने लक्षात ठेवले, तर त्या पहिल्याच दिवशी सुकाण्याशेजारी उपयोगी पडतील.

लाइफ जॅकेटबाबत त्यांचा आग्रह पूर्णपणे योग्य आहे. ते कपाटात ठेवण्यासाठी नसते; डेकवर पाऊल टाकताच ते अंगावर हवे. आपले माप आधी कळवून दोघांसाठी स्वतंत्र जॅकेटे मागवून घ्या.

वैद्यकीय (इंदूर):

मी इंदूरला तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करत आहे. आपल्या प्रकृतीची माहिती नसल्याने सर्वसाधारण लिहितो. अंतिम सल्ला आपल्या डॉक्टरांचाच घ्यावा.

या वयात बोटीवरची खरी जोखीम पडण्याची आहे, विशेषतः बोटीवरून धक्क्यावर पाय टाकताना. दोघांपैकी कोणी रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही गंभीर समजावा. आतल्या जलमार्गात बोट लागण्याचा, म्हणजे मळमळ-उलटीचा, त्रास सहसा होत नाही. आपल्याकडे यासाठी सिनारिझिन सर्रास दिले जाते. ते अमेरिकेत विकले जात नाही, आणि वृद्धांनी ते दीर्घकाळ घेतल्यास हातपाय कापणे आणि ताठरणे असा त्रास होऊ शकतो, म्हणून ते रोजच्या सवयीचे होऊ देऊ नये. कानामागे लावण्याची स्कोपोलामाइनची पट्टी तेथे मिळते, परंतु काचबिंदू किंवा प्रोस्टेटची वाढ असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

औषधे मूळ वेष्टनात, घटकांची नावे लिहिलेल्या चिठ्ठीसह आणि परतीला उशीर होईल असे गृहीत धरून जास्तीची न्यावीत. आधीपासूनचे आजार आणि रुग्णाला उचलून नेण्याचा खर्च, हे दोन्ही आरोग्यविम्यात आहेत का ते लेखी विचारून घ्यावे.

विश्वामित्रीकाठ (बडोदा):

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मेहुण्यांशी सविस्तर बोललो. त्यांनी मान्य केले की बिमिनीचा हट्ट त्यांनी आमच्या हौसेखातर धरला होता आणि त्यांना स्वतःलाही त्या तारखांची काळजी वाटत होती. बिमिनी रद्द केले आहे. परतीचे तिकीट कोणत्याही तारखेला बदलता येईल असे घेणार आहोत आणि ते 3 फेब्रुवारीच्या आसपासचे ठेवणार आहोत. वाचलेले दिवस सेंट जॉन्स नदीत घालवू, असे त्यांनी सुचवले आहे. थंडी वाढली की त्या नदीतील मॅनाटी, म्हणजे सागरी गाई, ब्लू स्प्रिंगच्या उबदार झऱ्यात मोठ्या संख्येने जमतात, आणि पत्नीला ते पाहण्याची फार इच्छा आहे.

यापुढचे पत्नी लिहीत आहे.

नमस्कार. ताई, मला आपल्यालाच विचारायचे आहे. माझे गुडघे दुखतात आणि बोटीत खाली उतरायला उभी शिडी असते असे दादाने सांगितले. शिवाय भाऊ-वहिनीच्या इतक्या लहान घरात दोन महिने राहायचे, तर वहिनीला माझा जाच होऊ नये यासाठी काय करावे?

बडोद्याची माहेरवाशीण (नॉर्थ कॅरोलिना):

ताई, शिडीवरून उतरताना तोंड पायऱ्यांकडे करून, दोन्ही हातांनी धरून, मागे मागे उतरावे. हातात त्या वेळी काहीही नसावे, सामान दुसऱ्याने वरून द्यावे. ट्रॉलरमध्ये पायऱ्या थोड्याच असतात, त्यामुळे आपल्याला ते जमेल. आतापासून घरी रोज दहा-बारा वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव ठेवा. मला त्याचा फार उपयोग झाला.

वहिनींविषयी आपण विचारलेत, याचे मला कौतुक वाटते. दर आठ-दहा दिवसांनी बोट मरीनात लागेल तेव्हा आपण दोघांनी एक रात्र गावातल्या लॉजमध्ये राहावे आणि त्यांना त्यांचे घर एक दिवस मोकळे द्यावे. डिझेल आणि मरीनाचे भाडे यांत आपला वाटा निघण्यापूर्वीच ठरवून टाका. मेहुणे नको म्हणतील, तरी ठरवाच. स्वयंपाकाचा एक दिवस त्यांचा आणि एक दिवस आपला ठेवा, आणि आपल्या दिवशी त्यांना ओट्याजवळ येऊ देऊ नका.

सामान कडक बॅगांत आणू नका. रिकाम्या झाल्यावर त्या ठेवायला बोटीत जागा नसते. घडी होणाऱ्या कापडी बॅगा, पांढऱ्या तळाचे रबरी बूट आणि प्रत्येकी दोन स्वेटर आणा. फ्लोरिडा उबदार असले, तरी जानेवारीत सेंट ऑगस्टीनला काही रात्री पारा पाच अंशांच्या खाली जातो. भाकरवडी आणि शेवचिवडा थोडा जास्त आणा. व्हेरो बीचला शेजारच्या बोटींवर द्यायला लागेल.