उन्हाळा लागला! तुमच्या बागेत काय चाललंय? (अनुभव लिहा)

सावलीतली
सकाळी पाणी घालायला गेले तर मोगऱ्याच्या कुंडीतली माती कडेने सुटलेली. कुंडी आणि मातीच्या मध्ये बोट जाईल एवढी फट. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत, मधला गड्डा कोरडा ठाक. ते बघितलं आणि काकू आठवल्या. जुन्या बिल्डिंगमधल्या आमच्या शेजारीण. बागेचं वेड मला त्यांनीच लावलं. असाच उन्हाळा लागलेला, असंच झाड रुसलेलं, तर त्यांनी माझ्या हातातली झारी काढून घेतली, अख्खी कुंडी उचलली आणि पाण्याच्या टबात बसवली. बुडबुड बुडबुड सुरू! "ते थांबेपर्यंत काढायची नाही. आणि मध्ये मध्ये हात घालायचा नाही." कुंडीच्या मातीत घातलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा कडक वाळलं की वरचं पाणी धरतच नाही, खालून हळूहळू प्यायला द्यावं लागतं, हे तेव्हा कळलं.

काकू आता लेकाकडे असतात, लांब. फोन केला की आधी मोगरा कसा आहे, मग मी कशी आहे.

तर मंडळी, उन्हाळा सुरू होतानाचे तुमचे अनुभव लिहा. कोणी काय शिकवलं, काय जगलं, काय गेलं. सल्लेही चालतील, फक्त स्वतः करून बघितलेले द्या.

कुंडीतला_वाघ
पहिला मी!
दुपारी २ वाजता बागेकडे बघायचं नाही हा आमच्याकडे नियम आहे. दुधीचा वेल असा काही लोळण घेतो की हात आपोआप झारीकडे जातो. संध्याकाळी साहेब परत ताठ. एवढाल्या पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं त्या वेळी पुरवू शकत नाहीत, माती ओली असली तरी. सकाळीसुद्धा मान टाकलेली असेल तरच काळजी करायची. तेव्हा एकतर खरंच तहान लागलीय, नाहीतर मूळ कुजलंय.

नवशिकी
अगदी अगदी!! पण तहान की कुजलंय हे ओळखायचं कसं? माझ्या मिरचीची पानं पिवळी पडतायत, मी तर रोज न चुकता पाणी घालते सकाळ संध्याकाळ

झारीवाला
"रोज न चुकता" इथेच गोची आहे. दोन पेरं बोट मातीत घाला आणि सांगा.

नवशिकी
थांबा

नवशिकी
चिखल आहे

झारीवाला
मग झारी दोन-तीन दिवस कपाटात. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, सगळ्या फटी पाण्याने भरल्या की ती गुदमरतात. पानं पिवळी पडतात, आपल्याला वाटतं तहानलं, आपण अजून ओततो. उन्हाळ्यात उन्हाने मेलेली झाडं मी कमी बघितलीत, मायेने मेलेली जास्त.
कुंडी जरा उचलून बघायची सवय लावा. ओल्या-कोरड्याचा फरक हाताला कळायला लागला की बोटही घालावं लागत नाही.

कुंडीतला_वाघ
झारीवाला हे नाव घेऊन झारी कपाटात ठेवा सांगणारा माणूस :)

पिठ्या_ढेकूण
नावावर जाऊ नका, मी शत्रूपक्षात नाही.
जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की मी आधी पानाची खालची बाजू आणि कोवळे शेंडे बघते. मुंग्या झाड खायला येत नाहीत. पिठ्या ढेकूण किंवा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, जो गोड चिकटा सोडतात त्यासाठी येतात आणि त्या बदल्यात त्यांची राखण करतात. मी आधी पाण्याचा जोरदार फवारा मारते, खालून वर. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब, साबण नसेल तर तेल पाण्यात मिसळत नाही. हे संध्याकाळी. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. आठवड्याने परत, कारण एका फवारणीत सगळे जात नाहीत.

आणि पानांवर बारीक फिकट ठिपके, वर धुळीसारखं काहीतरी असं दिसलं तर पांढरा कागद खाली धरून फांदीला टिचकी मारा. कागदावरचे ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. गरम कोरडी हवा त्यांना फार मानवते. ते किडे नव्हेत, कोळ्यांच्या जातीचे, आठ पायांचे, त्यामुळे किड्यांची बरीच औषधं त्यांच्यावर चालत नाहीत. पानांच्या खालच्या बाजूला रोज पाणी मारत राहणं हाच माझा उपाय.

कुंडीतला_वाघ
ठिपके चालायला लागले तर.... आज झोप येणार नाही

नवशिकी
कागद घेऊन आले. चालले नाहीत. हुश्श

अर्धवट_माळी
टोमॅटोचं कोणी सांगेल का. फुलं भरपूर, दोन दिवसांत देठापासून गळतात. खत दिलं, परत दिलं. झाड मस्त हिरवंगार, टोमॅटो शून्य

झारीवाला
खत बंद करा. नत्र जास्त झालं की पानंच पानं. आणि दिवसा पारा ३५ च्या वर, रात्रीही हवा गार होत नसेल तर परागकण नीट होत नाहीत, फळ धरत नाही, फूल गळतं. दुपारच्या उन्हाला सावलीची जाळी लावा, झाड टिकवा, हवा उतरली की धरेल.

अर्धवट_माळी
बरं. आणि जे एक लागलं होतं त्याचं बूड काळं पडलं. अंड्याची टरफलं घातली होती कॅल्शियमला

पिठ्या_ढेकूण
टरफलं कुजून झाडाला मिळेपर्यंत हंगाम संपतो. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचत नाही. एक दिवस कोरडं, एक दिवस पूर, असं झालं की हे हमखास. पाणी एकसारखं ठेवा आणि मातीवर वाळक्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन घाला. फक्त खोडाला चिकटू देऊ नका.

मधलीसून
मी फक्त वाचत असते इथे, आज लिहितेय. पोळ्या टाकता टाकता, चुका सांभाळून घ्या.
बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांचे गुलाब माझ्याकडे आणलेत, त्यांचा हा पहिला उन्हाळा माझ्या हातचा. बाबांची एक वही सापडली, बागेची. बाकी सगळ्या महिन्यांना पानंच्या पानं लिहिलीत. उन्हाळ्याला एवढंच, "छाटू नये. खत नको. कुंडी बदलू नये. सकाळी पाणी." आणि खाली पेनने दोनदा गिरवून, "उगाच काही करू नये." प्रत्येक काठीला त्यांनी बांधलेली सुतळी अजून तशीच आहे, आठच्या आकड्यासारखा वेढा, खोड काचू नये म्हणून. खोडं जाड झालीत, गाठी सैल करायला हव्यात. हात होत नाही.

सावलीतली
अगं.. सैल कर गं. वेढा आठचाच ठेव, सुतळीही तीच.

पिठ्या_ढेकूण
मधलीसून, एक घट्ट मिठी. गाठ सोडताना एका हाताने खोड धरा, गुलाब झुकतो आणि काटे लागतात. वहीतलं अजून काही टाकाल का इथे? पावसाळ्याचं वाचायला आवडेल.

मधलीसून
टाकते सवडीने. पोळी करपली

कुंडीतला_वाघ
बाबांची पाच वाक्यं फ्रेम करून लावणार. विशेषतः शेवटचं, आमच्या घरी अनेकांना उपयोगी आहे.

गच्चीकर
उशिरा आलो. वरचं सगळं वाचलं नाही, कोणी लिहिलं असेल तर सॉरी. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात हात लावता येणार नाही इतक्या तापतात आणि मुळं कडेलाच असतात. एक मोठी कुंडी घ्या, त्यात ही ठेवा, मधल्या जागेत वाळका पाला. किंवा सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, मोठी झाडं उन्हाच्या बाजूला.

बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी: बिनचकाकीचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा, झाकण ठेवा. माती कोरडी होईल तसं पाणी पाझरतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी हे करत होते. छोट्या कुंडीला सुती वात, एक टोक मातीत, एक बादलीत. जायच्या आदल्या रात्री नाही, आधीच लावून बघा.

अर्धवट_माळी
आम्ही शेजाऱ्यांना सांगून गेलो होतो. फार सज्जन माणूस. हॉलमधल्या प्लास्टिकच्या झाडालाही रोज पाणी घातलं त्यांनी

कुंडीतला_वाघ
फुटलं का काही त्याला

अर्धवट_माळी
गालिचाला बुरशी

नवशिकी
हाहाहा. माझ्या कोथिंबिरीला एकदम तुरे आलेत, चांगलं ना?

सावलीतली
उकाडा वाढला की ती पानं सोडून फुलांच्या मागे लागते. खुडून फार फरक पडत नाही. असू दे तशीच, मधमाश्या येतात, मग तुझ्या वेलांनाही फायदा. धणे झाले की ठेव पुढच्या पेरणीला.

नवशिकी
पण त्या कुंडीत मांजर झोपतं :(

गच्चीकर
कोणत्या रंगाचं?

नवशिकी
पिवळं. शेजारच्यांचं

गच्चीकर
पिवळी सगळी अशीच. आमच्याकडचं पुदिन्यात झोपतं, उठल्यावर वास बरा येतो

पिठ्या_ढेकूण
मोकळ्या मातीत काड्या उभ्या खोचा जवळजवळ, बसायला जागा मिळाली नाही की जातं.

नवशिकी
खोचल्या. आता मिरचीत बसलंय. निदान तो चिखल बघून लगेच उठलं

अर्धवट_माळी
सावलीची जाळी ५० टक्के ऊन अडवणारी घेऊ की ७५?

झारीवाला
टोमॅटोला ५० पुरे, ३५ मिळाली तरी चालेल. ७५ सावलीत वाढणाऱ्या पानांच्या झाडांना. झाडापासून हात-दीड हात वर बांधा, वारा खेळला पाहिजे. आणि सावलीतली, मोगऱ्याचं काय झालं, बुडबुडे थांबले का?

सावलीतली
थांबले कधीच. काकूंना फोटो पाठवला. उत्तर आलं, "कुंडी लहान आहे. पण आत्ता बदलू नकोस."